आईच्या मापाचं झबलं

मी एक झबलं आहे. ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे पाळणा आला असेल, तर त्यात तुमची काही चूक नाही. झबलं बाळाचंच असतं. माझं माप मात्र चाळिशीतल्या एका बाईचं आहे. पुढून उघडं, सैल बाह्या आणि बटणांऐवजी चार नाड्या. महाळुंग्यातल्या एका घरात, कपाटाच्या सगळ्यांत खालच्या खणात मी घडी घालून ठेवलेली आहे. 'ठेवलेली' म्हणते, कारण मी मूळची नऊवारी साडी. बाईसारखं बोलायची सवय मला तेव्हापासूनची आहे.

चाकणच्या बाजारात पुतळाबाईंनी मला निवडलं तेव्हा माझा रंग डाळिंबी होता. मला नेसून त्यांनी कितीतरी वर्षं कांदा काढला. उन्हाने आणि धुण्याने रंग उतरत गेला आणि शेवटी तो कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा फिकट झाला. ज्या वावरात माझा काठ चिखलाने भरायचा, तिथे आता एका कंपनीचं गेट आहे आणि ट्रकची रांग लागलेली असते.

पुतळाबाईंच्या सुनेला, रोहिणीला मुलगी झाली तेव्हा त्यांनी कात्री घेतली आणि माझा निम्मा भाग कापला. त्याची दोन झबली झाली, एक कुंची झाली, दुपटी झाली. उरलेली मी ट्रंकेत गेले. त्या निम्म्या भागाचा मला फार हेवा वाटायचा. तो दिवसरात्र आई आणि लेकीच्या मधे होता. मी डांबरगोळ्यांच्या वासात होते.

त्या मुलीचं नाव उत्कर्षा. ती आता नववीत आहे. हजेरीच्या वेळी ती इतक्या हळू आवाजात ओ देते की बाईंनी दोनदा तिची गैरहजेरी मांडली होती. तिने घरी येऊन तेही हळूच सांगितलं.

गेल्या वर्षी थंडी संपताना रोहिणीच्या डाव्या स्तनात गाठ सापडली. रोहिणी तेव्हा चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधायची. आधी केमो झाले, केस गेले. मग ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्तन काढला आणि त्याच वेळी पोटावरची कातडी आणि चरबी घेऊन त्याच जागी नवा घडवला.

हे सगळं घरी समजावून सांगायची वेळ गोरक्षवर, म्हणजे रोहिणीच्या नवऱ्यावर आली. तो लाजत लाजत, भिंतीकडे बघत सांगत होता. पुतळाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी पोटाची जमीन छातीच्या नावावर केली म्हण की," त्या म्हणाल्या. "फेरफार झाला."

रोहिणी हसली आणि लगेच पोट धरून म्हणाली, "आत्या, हसवू नका. टाके ओढतात."

पण आजार काखेतल्या गाठींपर्यंत पोहोचला होता. म्हणून ऑपरेशननंतर रेडिएशन घ्यायचं ठरलं. आमच्या घरात त्याला 'लाईट घेणं' म्हणायचे. सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे, एकूण पंचवीस वेळा. डॉक्टर मॅडमनी रोहिणीला काही लपवून ठेवलं नाही. लाईट घेतल्यावर नवा घडवलेला भाग आक्रसू शकतो, कडक होऊ शकतो. होईलच असं नाही. वर्षभर वाट पाहावी लागेल. पण लाईट टाळता येणार नाही.

त्या दिवसापासून रोहिणी नव्या भागाला जपू लागली. रिक्षा खड्ड्यातून गेली की तिचा हात आधी तिथे जायचा. एकदा गेलं आणि पुन्हा मिळालं. मिळालेलं पुन्हा जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

लाईट चालू असताना सैल, सुती आणि मऊ कपडे घालायचे, कुठेही इलॅस्टिक नको, असं हॉस्पिटलने सांगितलं होतं. पिंपरीच्या दुकानांतून गोरक्षने दोन कुडते आणले. दोन्ही टोचत होते. तेव्हा पुतळाबाईंनी ट्रंक उघडली. इतक्या वर्षांनी मी उजेड पाहिला. त्यांनी मला गालाला लावलं, झटकलं आणि दोन दुपारी ओट्यावर बसून हाताने धावदोरा घालून मला शिवलं. शेवटची नाडी लावून झाल्यावर म्हणाल्या, "लेकीला झबलं शिवलं तवा आईचं राह्यलंच हुतं."

तेव्हापासून सगळे मला मम्मीचं झबलं म्हणू लागले.

पहिल्या दिवशी हॉस्पिटलमध्ये पुनम नावाच्या मुलीने रोहिणीच्या छातीवर जांभळ्या मार्करने खुणा केल्या. मशीन चालवायचं काम तिचंच. छातीच्या मधोमध एक फुली, दोन्ही कुशींवर एकेक, आणि खालून एक लांब रेघ. पुनम बजावून म्हणाली, "रोहिणीताई, मशीन या खुणांवर लावतो आम्ही. साबण नाही, तेल नाही, चोळायचं नाही. पुसट झाल्या तर मला सांगायचं. घरी कोणी हात लावायचा नाही."

घामाने त्या खुणा थोड्या थोड्या माझ्यावर उतरल्या. आठवड्याभरात माझ्या आतल्या बाजूला मधोमध एक आणि कुशींना एकेक अशा जांभळ्या फुल्या उमटल्या, विरलेल्या कापडातून बाहेरूनही दिसतील अशा. धुतलं तरी गेल्या नाहीत.

आता उत्कर्षाबद्दल सांगते. तिची आईच्या अंगावर एक जागा होती. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं, आईच्या डाव्या बाजूला डोकं टेकायचं आणि छातीचे ठोके ऐकायचे. रोहिणी कांदा चिरत असली तरी चालायचं. ऑपरेशन झालं आणि ती जागा बंद झाली. उत्कर्षा जवळ आली की रोहिणीचा कोपर आपोआप मधे यायचा.

"उजवीकडून ये," ती म्हणायची.

उत्कर्षा उजवीकडून जायची. पण उजवीकडे ठोके ऐकू येत नाहीत. दुखत असेल, असं तिने मनाशी ठरवलं आणि विचारलं नाही. ती क्वचितच काही विचारते. कधी मी दोरीवर वाळत असले, तर जाता जाता माझी बाही चिमटीत धरायची आणि सोडून द्यायची. त्या मुलीला पुन्हा त्या जागी यायचं होतं. मला तर तिच्याहून जास्त हवं होतं.

सोळा वेळा लाईट घेऊन झाला आणि दिवाळी आली.

नरक चतुर्दशीला पहाटेच पुतळाबाईंनी तेल कोमट केलं, उटणं भिजवलं आणि न्हाणीघरात पाट मांडला. रोहिणी म्हणाली, "आत्या, मला नको या वर्षी. तेल चालत नाही." खुणांचं तिने सांगितलं नाही. छातीवर कोणी मार्करने रेघा मारल्यात, हे सासूला सांगायला तिला लाज वाटायची.

"डाव्या अंगाला हात न्हाई लावत," पुतळाबाई म्हणाल्या. "नुसती पाठ चोळते. आठ म्हैनं झालं, तुझ्या अंगाला डाक्टरांचं हात लागत्यात. सणाचा एक दिस तरी घरातला लागू दे."

रोहिणी पाटावर बसली. मी खुंटीवर होते. पुतळाबाईंनी पाठीला तेल लावलं, मानेला लावलं, खांद्यांना लावलं. रोहिणीचे डोळे मिटले. तेल खांद्यावरून पुढे ओघळत होतं, ते तिला कळलं की नाही ते मला सांगता येणार नाही. मग उटणं आलं, मग दोन बादल्या गरम पाणी. जांभळं पाणी मोरीकडे जाताना मी पाहिलं. मला आवाज असता तर मी ओरडले असते का? खरं सांगू, नसते ओरडले. इतक्या महिन्यांत तिचा चेहरा असा सैल झालेला मी पाहिला नव्हता.

टॉवेलने अंग टिपताना तिच्या लक्षात आलं. दोन्ही कुशींवरच्या फुल्या आणि खालची रेघ गेली होती. मधली फुली पसरून नुसता डाग उरला होता, ती नेमकी कुठे होती ते कळत नव्हतं. त्या दिवशी हॉस्पिटल दुपारपर्यंत चालू होतं आणि तिचा नंबर अकराला होता.

तिने उत्कर्षाला खोलीत बोलावलं. "दार लाव. आजीला कळू देऊ नको."

उत्कर्षाने पाहिलं. "मम्मी, पुनमताईंना सांगायचं होतं ना?"

"सांगितलं तर पहिल्यापासून घ्यायला लावतील. तिथे बाकड्यावर एक बाई सांगत होत्या. सोळा झाल्यात माझ्या. परत पंचवीस घेतल्यावर हे टिकेल का?" तिने हनुवटीनेच छातीकडे खूण केली. "आणि आजीचं काय? माझ्या तेलाने सुनेचं वाटोळं झालं म्हणत आयुष्यभर बसतील."

"मग?"

"मग तू काढ. झबल्यावर फुल्या उमटल्यात ना, त्यांच्यावरून. तुला एलिमेंटरीला ए ग्रेड आहे."

उत्कर्षाने कंपासमधून पट्टी काढली आणि शाळेच्या चार्टसाठी आणलेला जांभळा मार्कर घेतला. रोहिणीने मला अंगात घातलं. उत्कर्षाने माझी कड उचलून मधल्या फुलीच्या चार टोकांखाली अंगावर पेन्सिलीचे ठिपके दिले, मग मला बाजूला करून रेघा जोडल्या. तसंच दोन्ही कुशींवर, आणि खालची रेघ पट्टीने. तीन महिन्यांत पहिल्यांदाच ती त्या जागेच्या इतकी जवळ आली होती. ती श्वास रोखून काम करत होती.

"मार्कर गार लागतोय का, मम्मी?"

रोहिणीने छताकडे पाहिलं. "काढ तू," ती म्हणाली.

रेघा सुंदर आल्या. पुनमच्या रेघांपेक्षाही सरळ. पण त्या चुकीच्या होत्या आणि ते त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. मी सैल आहे. सैल असावी म्हणूनच तर मला शिवलं. मी दिवसभर अंगावर इकडून तिकडे सरकते. बसमध्ये वर चढते, झोपताना कुशीकडे जाते. माझ्यावरची फुली जिथे उमटली तिथेच ती रोहिणीच्या छातीवर होती, असं कुणी सांगितलं? मला काही सांगता येत नव्हतं. मी नाड्या लोंबवत तिच्या अंगावर बसून राहिले.

चाकणच्या चौकातून दोघींनी बस धरली. मोशी आलं, भोसरी आली. दुकानांवर आकाशकंदील हलत होते. रोहिणीचा हात माझ्यावर, माझ्याखाली नव्या रेघा. उत्कर्षा खिडकीबाहेर बघत होती.

हॉस्पिटलच्या तळघरात मशीनची खोली आहे. तिथे जाताना वरचे कपडे उतरवून हॉस्पिटलचा गाऊन घालावा लागतो. रोज मी पिशवीत जायचे. त्या दिवशी उत्कर्षा बरोबर होती, म्हणून मी तिच्या मांडीवर आले. पुनम हसून म्हणाली, "आज मुलीला घेऊन आलात? चला ताई, लवकर आटपू, मलाही घरी फराळ आहे." ती आणि रोहिणी आत गेल्या.

दारावर एक दिवा आहे. मशीन सुरू झालं की तो लाल होतो. तो अजून लागला नव्हता.

उत्कर्षाने मला उलटं केलं आणि ट्यूबलाईटच्या उजेडात आतली बाजू नीट पाहिली. घरात घाईत जे दिसलं नव्हतं, ते आता दिसलं. मधली फुली एक नव्हती. गडद फुलीच्या बाजूला बोटभर अंतरावर आणखी एक होती, फिकी. त्याखाली तिसरी, अगदी पुसट. एकाच खुणेचे तीन डाग, तीन जागी. बाहेरून दिसणारी गडद फुलीच तिने घरी गिरवली होती.

बाहेर पुनम आली. दार जड आहे, ते हळूहळू बंद होतं. पुनम काचेमागच्या खुर्चीवर बसली आणि पडद्याकडे पाहू लागली.

उत्कर्षा उठली. मला दोन्ही हातांनी छातीशी धरून ती काचेपाशी गेली. तिचे ठोके मला लागत होते.

"ताई, त्या रेघा मी काढल्यात."

हजेरीचाच आवाज. पुनमने मान वर केली नाही. पलीकडून कुणीतरी चहाचं विचारत होतं.

मी इतकी घट्ट पिळली गेले की माझी एक शिवण उसवली.

"ताई, थांबा. त्या रेघा मी काढल्यात. घरी. चुकल्यात त्या."

बाकड्यावरचे सगळे वळून बघू लागले. पुनमचा हात थांबला.

"तू काढल्यास? कशावरून?"

उत्कर्षाने मला पुढे धरलं. पुनमने तिन्ही फुल्यांवरून बोट फिरवलं, एकदा त्या मुलीकडे पाहिलं, आणि दार पुन्हा उघडलं. "रोहिणीताई, उतरा खाली. आज नाही देत आपण."

मापं घेतल्यावर कळलं की बोट-दीड बोटाचा फरक होता. रोहिणी गाऊन आवळून खुर्चीवर बसली होती.  "तसंच दिलं असतं तर?"

"हवं तिथे कमी पडलं असतं, नको तिथे गेलं असतं," पुनम म्हणाली. "मशीनमध्येच फोटो काढून जागा तपासतो आम्ही, पण रोज नाही, आठवड्यातून एकदा. तोवर तसंच चाललं असतं."

"आता पहिल्यापासून?"

"कोण म्हणालं? झालेल्या सोळा झाल्याच. डॉक्टर मॅडमना सांगते, परत एक स्कॅन करू, दोन दिवस जातील. मग सतरावी." मग ती उत्कर्षाकडे वळली. "तुझ्या रेघा माझ्यापेक्षा सरळ आहेत. चुकीच्या जागी आहेत एवढंच. पण बोललीस ते बरं केलंस."

रोहिणी काही बोलली नाही. परतीच्या बसमध्येही नाही. उत्कर्षाने त्या गप्प बसण्याचा अर्थ तिच्या परीने लावला आणि तो मनात ठेवून दिला.

नव्या स्कॅननंतर खुणांच्या जागी तीन बारीक ठिपके सुईने गोंदले. तेलाने न जाणारे. घरी आल्यावर रोहिणीने शेवटी ते पुतळाबाईंना दाखवले. पुतळाबाईंच्या हातावर लहानपणी गोंदलेली तुळस आहे. त्यांनी तिच्याशेजारी ठिपका ताडून पाहिला.

"माझ्या तेलानं गेल्या न्हवं, आधीच्या खुणा?"

"नाही हो आत्या."

"खोटं बोलाया तुला अजून न्हाई येत," पुतळाबाई म्हणाल्या, आणि चुलीपुढे जाऊन उगीचच लाकडं सारू लागल्या. पुढच्या नऊ दिवसांत रोज बसस्टॉपपर्यंत रोहिणीची पिशवी त्यांनीच धरली.

पंचवीस झाल्या. शेवटी शेवटी रोहिणीची कातडी काळवंडली, काखेत सोलली. मी तिथे चिकटायचे, तेव्हा ती पाण्याचा हात लावून मला हळू सोडवायची. मग हळूहळू ते बरं झालं. डोक्यावर कुरळे केस आले. पंधरा दिवसांपूर्वी ती पुन्हा कंपनीत जायला लागली, बसून करायच्या कामावर. नवा भाग आधीपेक्षा थोडा आवळलेला आहे. डॉक्टर मॅडम म्हणतात, अजून सांगता येत नाही, वर्ष होऊ दे. रोहिणी रोज सकाळी युनिफॉर्म चढवण्याआधी आरशात बघते. मी कपाटाच्या फटीतून तिला बघते.

माझं काम संपलं होतं. आईच्या मापाचं झबलं दुसऱ्या कुणाला व्हायचं नाही. पुतळाबाईंनी एकदा मला उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "गोधडीला एक पट्टी कमी पडतीया." रोहिणीने मला त्यांच्या हातून घेऊन परत खणात ठेवलं. 

गेल्या रविवारी दुपारी उत्कर्षाने खण उघडला. असं ती अधूनमधून करते. मला बाहेर काढते, तोंडाशी धरते, पुन्हा घडी घालते. त्या दिवशी दारात रोहिणी उभी होती.

"काय करतेस गं?"

"काही नाही. वास घेतेय."

"अजून तेलाचा येतो का?"

"तुझा येतो." मग तिने घडी घातली, मोडली, पुन्हा घातली आणि काहीतरी म्हणाली.

"काय? ऐकू नाही आलं."

"मी चुकीच्या रेघा काढल्या, म्हणून तू मला तिकडून जवळ घेत नाहीस का?"

रोहिणी पलंगावर बसली. ती माझी नाडी बोटाला गुंडाळू लागली.

"मला तिथे काही कळत नाही," ती म्हणाली. "हात लावला तरी नाही, गरम नाही, गार नाही. नवं आहे ना ते. तू त्या दिवशी मार्कर गार लागतोय का विचारलंस, तर मला मार्कर टेकलेलाही कळला नव्हता. तू डोकं टेकवशील आणि मला कळायचंच नाही तू आहेस की नाही. त्याची भीती वाटते मला. दुखायची नाही."

उत्कर्षाने विचार केला. गणित सोडवताना करते तसा, खालचा ओठ चावून.

"मग मी सांगत जाईन," ती म्हणाली.

रोहिणीने मला तिच्या हातातून घेतलं आणि अंगात घातलं. चारही नाड्या बांधल्या. मग डावा कोपर बाजूला केला.

कितीतरी महिन्यांनी माझ्यावर तो गाल टेकला. ज्या बाळाच्या अंगावर माझा निम्मा भाग होता, त्याच बाळाचा गाल. तो ऊन होता. खालून ठोके येत होते, थोडे लांबून, पण येत होते. मला दोन्ही बाजू कळत होत्या.

"टेकवलंस?" रोहिणीने विचारलं.

"हो."

 बाहेर कंपनीची बस हॉर्न वाजवत गेली.

"आहेस?"

"आहे." हा आवाज हजेरीचा नव्हता. तो शेवटच्या बाकापर्यंत गेला असता.

तर पुतळाबाई, माझं एवढं एक ऐका. गोधडीची पट्टी कमी आहे हे मला माहीत आहे, आणि एक दिवस मी त्या गोधडीत जाईनही. फक्त इतक्यात नको. मी या खणात बरी आहे. माझ्यावरच्या तीन फुल्या आता कुणाच्या उपयोगाच्या नाहीत, उसवलेली शिवण तशीच आहे. पण परवा पुन्हा रविवार आहे, आणि खणाच्या कडीचा आवाज मी ओळखते.